तेरा सामने, तेरा विजय आणि ‘नॉट फाउंड सूटेबल’

३ डिसेंबर २०२३. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन गावच्या एका आलिशान हॉटेलात १३ सदस्यांच्या समितीने अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा निकाल लावला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ त्या हंगामात १३ सामने खेळला होता आणि तेराही जिंकला होता. आदल्याच रात्री लुइव्हिलला १६-६ असं हरवून त्याने आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद घेतलं होतं. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये चार संघांना जागा होती. समितीने मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा यांना घेतलं. यातले शेवटचे दोघे एकेक सामना हरलेले होते. एकही सामना न हरलेला फ्लोरिडा स्टेट पाचव्या क्रमांकावर, म्हणजे दाराबाहेर.

कारण काय दिलं? नोव्हेंबरमध्ये त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्याच्याशिवाय हा संघ पूर्वीचा राहिला नाही, असं समितीचं मत पडलं. तो जखमी झाल्यावरही संघ पुढचे दोन्ही सामने जिंकला. त्यातला विजेतेपदाचा सामना तर तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला मैदानात उतरवून जिंकला. पण ते ‘झालेलं’ होतं. समितीला ‘होणारं’ दिसत होतं.

प्राध्यापक भरतीची मुलाखत दिलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नेट आहे, पीएचडी आहे, प्रकाशित लेख आहेत. आत पाच-सात जण बसलेले असतात आणि काही आठवड्यांनी राखीव जागेपुढे शेरा येतो : ‘नॉट फाउंड सूटेबल’. जागा रिकामी राहते. उमेदवारात काय कमी होतं ते लेखी कुठेच नसतं.

मी हा विषय का घेतला ते सांगतो. आरक्षणावर वाद सुरू झाला की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, ‘मग क्रिकेटच्या टीममध्येही आरक्षण द्या की! खेळात फक्त मेरिट चालतं.’ आपले कार्यकर्ते यावर बऱ्याचदा गडबडतात. खेळाचं मैदान ही निखळ गुणवत्तेची जागा आहे हे आपणही मनातून मान्य केलेलं असतं. धावफलक खोटं बोलत नाही, असं आपल्यालाही वाटतं. धावफलक खोटं बोलत नाही हे खरंच आहे. पण कुणाच्या नावाचा धावफलक लागणार, समोर कोण असणार, कुठल्या गावात खेळायचं आणि त्या आकड्याचा अर्थ कोण लावणार, हे मैदानाबाहेर ठरतं. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हे याचं इतकं उघडं उदाहरण आहे की आपण ते नीट समजून घेतलं पाहिजे.

हे फुटबॉल म्हणजे आपल्या गल्लीतलं नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून, अंगावर धडका घेत खेळतात ते. सर्वोच्च गटात १३० हून जास्त विद्यापीठांचे संघ आहेत. खेळ इतका मोडतोड करणारा की आठवड्याला एकच सामना झेपतो. त्यामुळे एका संघाला नियमित हंगामात साधारण १२ सामने मिळतात. म्हणजे शंभराहून जास्त संघांशी तुमची गाठच पडत नाही. साखळी स्पर्धेत सगळे सगळ्यांशी खेळतात, तिथे गुणतालिका बघितली की विषय संपतो. इथे तसं होऊ शकत नाही. म्हणून वेळापत्रक हीच इथली कुंडली.

हे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले आहेत. एसईसी आणि बिग टेन हे सर्वांत श्रीमंत, त्यांच्या खाली एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह, त्यांच्या खाली छोट्या कॉन्फरन्सेसचा गट, त्याखाली एफसीएस नावाचा दुसरा स्तर, त्याखाली डिव्हिजन टू. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध असमानता म्हणजे काय ते समजावलं आहे, त्यामुळे या उतरंडीत प्रत्येक पायरीचा खालच्या पायरीशी व्यवहार कसा असेल याचा अंदाज आपल्या वाचकाला लगेच येईल. पण कॉन्फरन्स म्हणजे जात नव्हे. कॉन्फरन्स बदलता येते, जात बदलता येत नाही. युटा, टीसीयू, सेंट्रल फ्लोरिडा अशी काही विद्यापीठं वर चढली. एसएमयू २०२४ मध्ये एसीसीत गेलं ते टीव्हीच्या उत्पन्नातला आपला वाटा नऊ वर्षं सोडून देण्याच्या अटीवर. श्रीमंत देणगीदार पाठीशी होते म्हणून परवडलं. जिना आहे, पण त्याचं भाडं असं आहे.

आता वेळापत्रक. कॉन्फरन्सबाहेरचे तीन-चार सामने प्रत्येक विद्यापीठ स्वतः करार करून ठरवतं, कधी कधी पाच-दहा वर्षं आधी. मोठ्या विद्यापीठाचं स्टेडियम लाखभर लोकांचं असतं. घरचा एक सामना म्हणजे तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं धरून कोट्यवधींची कमाई. मग ते छोट्या विद्यापीठाच्या गावात कशाला जाईल? हरलं तर अब्रू जाणार आणि जिंकलं तर ‘त्यात काय’. छोट्याने फार आग्रह धरला तर ‘दोन सामने आमच्याकडे, एक तुमच्याकडे’ असा सौदा पुढे येतो. छोटा संघ खरोखर तगडा असेल तर तोही येत नाही. आणि हंगामाच्या शेवटी हाच छोटा संघ समितीपुढे उभा राहिला की समिती म्हणते, तुमचं वेळापत्रक कमकुवत होतं.

आधी विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही आणि नंतर अस्वच्छ म्हणायचं. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे.

२०१७ चं सेंट्रल फ्लोरिडा बघा. त्या वर्षी जॉर्जिया टेक या एसीसीतल्या संघाशी त्यांचा घरच्या मैदानावर सामना ठरला होता. इर्मा चक्रीवादळ आलं आणि सामना रद्द झाला. बिग टेनमधल्या मेरीलँडला त्यांनी ३८-१० असं हरवलं. हंगाम संपला तेव्हा १२ पैकी १२ विजय. समितीने क्रमांक दिला बारावा! चार संघांच्या प्लेऑफचा प्रश्नच नव्हता. मग १ जानेवारी २०१८ ला पीच बोलमध्ये त्यांची गाठ एसईसीतल्या ऑबर्नशी पडली आणि त्यांनी ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. याच ऑबर्नने नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया आणि अलाबामा या दोघांना हरवलं होतं. आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना कोण खेळलं? जॉर्जिया आणि अलाबामा. (जॉर्जियाने मधल्या काळात ऑबर्नवर परतफेड केली होती, हेही खरं.) सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःलाच राष्ट्रीय विजेते जाहीर करून मिरवणूक काढली. बड्या कॉन्फरन्सवाले हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. एकही सामना न हरलेल्या संघाने आणखी काय करायला हवं होतं, याचं उत्तर हसणाऱ्यांपैकी कुणी दिलं नाही.

उतरंडीत आणखी खाली उतरू. मोठी विद्यापीठं छोट्यांना पैसे देऊन मार खायला बोलावतात. ‘गॅरंटी गेम’ असं त्याचं सभ्य नाव आहे. जॉर्जिया राज्यातलं सव्हाना स्टेट हे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. सप्टेंबर २०१२ मध्ये ते ओक्लाहोमा स्टेटच्या मैदानावर गेलं आणि ८४-० असं हरलं. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या बड्या विद्यापीठात गेलं आणि ५५-० असं हरलं. तेही विजा चमकू लागल्याने सामना तिसऱ्या सत्रात थांबवला म्हणून, नाहीतर आणखी लागले असते. दोन आठवड्यांत १३९-०. मोबदला पहिल्या सामन्याचे ३,८५,००० डॉलर, दुसऱ्याचे ४,७५,००० डॉलर. त्या पैशातून त्यांच्या इतर खेळांचा खर्च चालणार होता. १८-२० वर्षांची कृष्णवर्णीय पोरं आपल्या विद्यापीठाचं बजेट भरून काढायला स्वतःची हाडं घेऊन गेली. २०१९ मध्ये सव्हाना स्टेटने वरची पातळी सोडली आणि ते डिव्हिजन टूमध्ये उतरलं.

तो दुसरा यजमान कोण होता? फ्लोरिडा स्टेट. तेच, ज्यांच्यावर २०२३ मध्ये अन्याय झाला म्हणून मी लेख सुरू केला. म्हणूनच फ्लोरिडा स्टेटला मी पीडितांच्या रांगेत बसवत नाही. ते प्रस्थापितच आहेत, फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरचे नाहीत. त्यांना डावललं गेलं तेव्हा फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने चौकशी सुरू केली, विद्यापीठाने स्वतःच्याच कॉन्फरन्सवर खटला भरला, राजकारण्यांनी आवाज उठवला. १३९-० साठी कोण कोर्टात गेलं? श्रेणीबद्ध असमानतेत वरून दुसऱ्याची ओरड सगळ्यांना ऐकू येते. तळातल्याचा आवाज हिशेबाच्या वहीत ‘जमा’ म्हणून नोंदला जातो.

याला इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. एसईसीमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला १९६७ मध्ये, केंटकीकडून. अलाबामाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९७१ उजाडलं. त्याआधी अलाबामाने मिळवलेल्या राष्ट्रीय विजेतेपदांचं काय? १९६१, १९६४, १९६५. तेव्हा विजेता ठरायचा पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतदानाने. सगळे गोरे खेळाडू असलेला संघ, बहुतेक गोऱ्याच संघांशी खेळून, राष्ट्राचा विजेता. त्याच काळात टॅलाहासीत, फ्लोरिडा स्टेटच्याच शहरात, फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीय विद्यापीठात जेक गेदर नावाचे प्रशिक्षक काम करत होते. कारकिर्दीत २०३ विजय आणि फक्त ३६ पराभव. त्यांच्याकडे बॉब हेस खेळायचा, जो १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकून जगातला सर्वांत वेगवान माणूस ठरला. या संघाला त्याच शहरातल्या गोऱ्या विद्यापीठाशी खेळता येत नव्हतं. दक्षिणेत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यापीठाचा पहिला सामना झाला तो १९६९ मध्ये. फ्लोरिडा ए अँड एमने टॅम्पा विद्यापीठाला ३४-२८ असं हरवलं. एक संधी मिळाली आणि पहिल्याच फटक्यात उत्तर मिळालं.

गंमत म्हणजे अलाबामाचीही एक तक्रार आहे. १९६६ मध्ये ते एकही सामना हरले नाहीत आणि तरी मतदानात तिसरे आले. वर नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट, जे एकमेकांशी १०-१० बरोबरीत सुटले होते. मिशिगन स्टेटच्या संघात दक्षिणेतून आलेले कितीतरी कृष्णवर्णीय खेळाडू होते, ज्यांना त्यांच्या स्वतःच्या राज्यातल्या गोऱ्या विद्यापीठांनी दार उघडलं नव्हतं. अलाबामावाले आजही म्हणतात की आमचा हक्काचा मुकुट हिरावला. असेल. पण ज्यांनी स्पर्धेतून अर्धा समाज आधीच वगळला होता त्यांनी ‘आम्ही कुणाकडूनच हरलो नाही’ म्हणावं, याला काय म्हणायचं? आपल्याकडे शेकडो वर्षं एकाच समाजाने वेदपठणात पहिला नंबर काढला, तसंच ते.

आपल्याला इथे बाळू पालवणकर आठवायला हवेत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा हा चांभार समाजातला गोलंदाज हिंदू संघाला चालत होता, कर्णधार म्हणून मात्र चालत नव्हता. चेंडू हातात द्यायला हरकत नव्हती, संघाचं नेतृत्व द्यायला होती. बळी मैदानात मोजले जात होते, कर्णधार खोलीत ठरत होता. (याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं गेलं, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

परत समितीकडे येऊ. समितीचे निकष कागदावर आहेत : कॉन्फरन्सचं विजेतेपद, वेळापत्रकाचा कस, आपसातल्या सामन्यांचा निकाल, सामायिक प्रतिस्पर्धी, महत्त्वाच्या खेळाडूंची अनुपस्थिती. वाचायला छान. कुठल्या निकषाला किती वजन, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मग काय होतं ते बघा. २०१४ मध्ये टीसीयू तिसऱ्या क्रमांकावर होतं, शेवटचा सामना ५५-३ असा जिंकलं आणि सहाव्यावर घसरलं. त्यांच्या कॉन्फरन्सला विजेतेपदाचा वेगळा सामना नव्हता, त्यामुळे वजन कमी पडलं. ठीक, म्हणजे कॉन्फरन्सचं विजेतेपद महत्त्वाचं. २०१६ मध्ये पेन स्टेटने बिग टेन जिंकली, ओहायो स्टेटला समोरासमोर २४-२१ असं हरवलंही होतं, आणि समितीने घेतलं ओहायो स्टेटला. म्हणजे विजेतेपद महत्त्वाचं नाही. (ओहायो स्टेट पुढे ३१-० असं हरलं.) २०१७ मध्ये अलाबामा आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही नव्हतं, तरी प्लेऑफमध्ये घेतलं गेलं. आणि २०२३ मध्ये अलाबामाला घेताना काय सांगितलं? त्यांनी कॉन्फरन्सचं विजेतेपद जिंकलंय!

निकष बदलले तरी हरकत नाही, पण ते सामन्यांच्या आधी बदलावेत. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर गुणांची विभागणी ठरवायची याला परीक्षा म्हणत नाहीत. समितीच्या माणसांच्या हेतूवर मला बोलायचंच नाही, ती कदाचित अगदी सज्जन माणसं असतील. ‘सर्वोत्तम चार’ निवडा असं सांगितलं की सज्जन माणसालाही नेहमीची घराणीच सर्वोत्तम दिसतात. खेळाडू जास्त उंच, प्रशिक्षक जास्त महाग, टीव्हीवर जास्त वेळा दिसलेले. ‘पात्र कोण’ हे विचारलं तर निकाल बघावा लागतो. ‘उत्तम कोण’ विचारलं तर डोळे मिटूनही उत्तर देता येतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. बाहेर ठेवलेला फ्लोरिडा स्टेट त्या हंगामाच्या शेवटी ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला. मग समिती बरोबरच नव्हती का? त्या सामन्यात त्यांचे डझनावारी खेळाडू उतरलेच नाहीत. ज्या स्पर्धेसाठी रक्त आटवलं ती हिरावल्यावर पोरांनी नाही म्हटलं. नाकारल्यानंतर कोसळलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘बघा, म्हणूनच नाकारलं’ म्हणणं ही नेहमीची चाल आहे. दुसरीकडून २०१४ चं ओहायो स्टेट दाखवतात, ज्यांना घेतलं आणि ते विजेते झाले. झाले, खरंय. ज्याला दार उघडलं तो आत काय करतो ते दिसतं. ज्याला उघडलं नाही त्याचं कधीच दिसत नाही.

२०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचं झालं आणि क्रमवारीत वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हमखास जागा मिळू लागल्या. म्हणजे छोट्या कॉन्फरन्समधल्या किमान एकाला खात्रीने प्रवेश. लगेच तिथले मेरिटवाले जागे झाले. २०२५ च्या हंगामात ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन ही दोन छोटी विद्यापीठं आली. दोन्ही पहिल्या फेरीत हरली, ट्युलेन ४१-१० असं आणि जेम्स मॅडिसन ५१-३४ असं. यांनी लायक संघांची जागा खाल्ली, अशी ओरड झाली. शब्द न शब्द तोच, जो मेडिकल प्रवेशाच्या वेळी आपण ऐकतो. त्याच वर्षी अलाबामा आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना २८-७ असा हरूनही आत घेतलं गेलं आणि बीवाययू आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ३४-७ असा हरल्यावर बाहेर राहिलं. अलाबामाने पहिली फेरी जिंकली आणि पुढच्या फेरीत इंडियानाकडून ३८-३ असा मार खाल्ला. जेम्स मॅडिसन हरलं १७ गुणांनी, अलाबामा ३५ गुणांनी. अलाबामाने कुणाची तरी जागा खाल्ली असं म्हणणारे आवाज किती ऐकू आले?

आणि ते इंडियाना! कित्येक दशकं पराभवांचे विक्रम करणारं विद्यापीठ. दोन हंगामांत उभं राहिलं आणि सगळे सामने जिंकून विजेतं झालं. मला आनंदच झाला. पण इंडियाना फार जुन्या काळापासून बिग टेनमध्ये आहे. घर गरीब असलं तरी वाड्यातलं. त्यांना ओहायो स्टेटशी खेळायची संधी मागावी लागली नाही, सदस्य म्हणून ती त्यांच्या वाट्याला होतीच. सेंट्रल फ्लोरिडाने २०१७ मध्ये नेमकं तेवढंच मागितलं होतं.

पैशाचं फार लांबवत नाही. २०२६ पासूनच्या करारात प्लेऑफच्या उत्पन्नातले सुमारे ५८ टक्के एसईसी आणि बिग टेन या दोघांना मिळणार आहेत. छोट्या पाच कॉन्फरन्सेसना मिळून सुमारे ९ टक्के. ज्यांच्या शरीरावर हा डोलारा उभा आहे ते मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय तरुण आहेत आणि विद्यापीठांनी त्यांना थेट पैसे द्यायला मान्यता मिळाली ती २०२५ मध्ये.

२०२५ मध्येच बिग टेनकडून एक प्रस्ताव पुढे आला. प्लेऑफ १६ संघांचं करायचं, त्यातल्या चार जागा बिग टेनला आणि चार एसईसीला आधीच ठरवून द्यायच्या. एसीसी आणि बिग ट्वेल्व्हला दोन दोन, बाकी सगळ्या छोट्यांना मिळून एक. हंगाम सुरू व्हायच्या आधी, चेंडूला हात लागायच्या आधी. एकमत न झाल्याने ते अडलं. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘खेळात आरक्षण असतं का’ असं विचारलं, तर हा ४-४-२-२-१ चा आकडा पाठ करून ठेवा.